पाठीवरची जाळी

खाज पहिल्यांदा जाणवली ती लोकलमध्ये. डोंबिवलीहून सकाळची फास्ट, दोन्ही हात वर कडीला अडकलेले, आणि नेमकी दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे हात पोहोचत नाही तिथे, खाजकुयली लागावी तशी खाज. दादर येईपर्यंत मी सीटच्या लोखंडी दांड्याला पाठ घासत होते. रात्री मुलगी झोपल्यावर बेसिनच्या आरशाकडे पाठ केली, हातात छोटा आरसा धरला आणि बघितलं. मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या, मानेच्या मागून सुरू होऊन पाठीच्या मध्यापर्यंत उतरलेल्या. डावीकडे जेवढ्या, तेवढ्याच उजवीकडे. छातीवर, ब्रेसियरच्या पट्टीखालीही तेच. चेहरा, हात, पाय मात्र स्वच्छ.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. त्याआधी अडीच आठवडे, संक्रांत झाल्यावर, मी कीटो डाएट सुरू केलं होतं. बाळंतपणानंतर चढलेलं वजन चार वर्षांत उतरलं नव्हतं, पाळी अनियमित, सोनोग्राफीत पीसीओडी. जिममधल्या ट्रेनरने एक छापील कागद दिला, त्यावर काय खायचं आणि काय नाही याच्या दोन याद्या होत्या. चपाती, भात, भाकरी, डाळ, केळं, बटाटा, गूळ, साखर, सगळं बंद. अंडी, पनीर, चिकन, बांगडा, खोबरेल, बदाम, चीज, पालेभाजी चालू. दिवसभरात कर्बोदकं वीस ग्रॅमच्या आत. मी कोणत्याही डॉक्टरला विचारलं नाही. घरात तयार होणारं, बाजारात मिळणारं अन्न खायचं, त्यात विचारायचं काय, असं मला तेव्हा वाटलं.

पहिल्या तीन आठवड्यांत साडेचार किलो उतरले. जुना पंजाबी ड्रेस अंगात बसला तेव्हा मी खरोखर रडले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते समजून घ्यायला हा आनंद ध्यानात ठेवावा लागतो. ज्या गोष्टीमुळे आपण इतके सुखावलोय, तिच्यावर संशय घ्यायला मन तयार होत नाही. त्या साडेचार किलोंत पाण्याचा वाटा मोठा होता, हे मला नंतर कळलं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर शरीर तिच्या जवळजवळ तिप्पट पाणी धरून ठेवतं. पिष्टमय पदार्थ बंद केले की तो साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं.

पुरळाला आमच्या घरात पहिलं नाव मिळालं घामोळं. जिममध्ये घाम येतो, गाडीत गर्दी, तेव्हा ते पटण्यासारखं होतं. थंडाव्याची पावडर थापली, आठवडाभर काही फरक नाही.

आई तेव्हा गावाहून आली होती. तिने पाठ बघितली आणि म्हणाली, "अगो, पित्त उठलाहा तुझा." आमच्याकडे अंगावर काहीही लाल आणि खाजरं आलं की ते पित्त. तिने आमसुलं भिजत घातली, कुस्करली आणि ते गार पाणी कापसाने पाठीला लावलं. आईचा हात आणि गार पाणी, अर्धा तास बरं वाटलं. पण एक गोष्ट त्याच वेळी आमच्या लक्षात यायला हवी होती. पित्ताच्या गांधी उठतात आणि जातात. सकाळी दंडावर असलेली गांध संध्याकाळी तिथे नसते, ती मांडीवर असते. एका जागी चोवीस तासांहून जास्त सहसा टिकत नाही. माझ्या पुटकुळ्या जिथे उठल्या तिथेच बसल्या होत्या, आणि जुन्या सुकायच्या आत त्यांच्या शेजारी नव्या येत होत्या.

तिसरं नाव दिलं औषधाच्या दुकानदाराने. मी काउंटरवरून नुसतं मान वळवून दाखवलं, तो म्हणाला नायटा आहे, आणि एक ट्यूब पुढे केली. "सगळ्यांना हीच देतो, चार दिवसांत जातं." चार दिवसांत खाज खरंच थोडी बसली, लाली उतरली. मी दुसरी ट्यूब आणली. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि क्लोबेटासॉल, असं तिन्ही एकत्र होतं. क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत जहाल औषधांतलं एक. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. बारा दिवस मी ते छातीवरच्या नाजूक त्वचेवर दोन वेळा चोळत होते.

मग आमचे नेहमीचे डॉक्टर. भला माणूस आहे, आमच्या मुलीला जन्मापासून तेच बघतात. त्यांनी विचारलं, साबण बदललात का? नवा कपडा? बाहेरचं काही खाल्लंत का? मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर, बाहेरचं तर मी पूर्ण बंद केलंय." हे मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी खाजेची गोळी दिली. गोळीने झोप आली, खाज गेली नाही.

त्या संवादाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. काय खाल्लं ते त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं. काय सोडलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. अंगावर काही उठलं की आपण खाण्यातल्या नव्या गोष्टीचा शोध घेतो: अंडं, कोळंबी, वांगं. ताटातून काहीतरी गेल्यामुळेही अंगावर उठू शकतं, हे माझ्याच काय, माझ्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं.

आणि तरी खूण माझ्यासमोर आली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस महाशिवरात्र होती. मी लहानपणापासून तो उपवास करते, डाएटसाठी मोडायचं मनाला पटेना. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, वरीचे तांदूळ. आपला उपवास म्हणजे पिष्टमय पदार्थांचाच दिवस. त्याला लागूनच गावी चुलत बहिणीचं लग्न, हळदीला घावन आणि रस, लग्नाला पंगत. चार दिवस मी सगळं खाल्लं. तिसऱ्या रात्री मी सलग झोपले. पाठ शांत होती. मला वाटलं, गावच्या विहिरीचं पाणी मानवलं. डोंबिवलीला परतले, केलेल्या पापाची भरपाई म्हणून आणखी कडक डाएट सुरू केलं, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीच खाज, आधीपेक्षा दुप्पट जागेवर.

होळी झाल्यावर नणंद आली. तिने पाठ बघून काहीच नाव दिलं नाही. तिने मोबाइलवर फोटो काढला आणि मला दाखवला. आरशात मी इतके दिवस फक्त लाल ठिपके बघत होते. फोटोत वेगळंच दिसलं. जिथे जुन्या पुटकुळ्या सुकल्या होत्या तिथे तपकिरी डाग होते, आणि ते डाग एकमेकांना जोडले जाऊन जाळी झाली होती. तव्यावरच्या घावनाला पडते तशी जाळी. मधली भोकं माझ्या मूळ रंगाची, भोवतीच्या रेषा काळपट. "वहिनी, हे घरी बघण्यातलं नाही," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीची त्वचारोगतज्ज्ञांची वेळ तिनेच घेतली.

डॉक्टर बाईंनी आधी पाठ पाहिली, मग छाती, मग काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या. घारीसारखी नजर. पट्टीने खवले खरवडून काचेवर घेतले, त्यावर थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बुरशी नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत नवीन काय सुरू केलंत? आणि काय बंद केलंत?" मी डाएट सांगितलं. मध्ये चार दिवस मोडलं तेही सांगितलं. "त्या चार दिवसांत खाज कशी होती?" त्यांनी हे विचारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. उत्तर माझ्याजवळ होतं. महिनाभर होतं.

या आजाराचं नाव प्रुरिगो पिगमेंटोसा. 1971 साली नागाशिमा या जपानी त्वचारोगतज्ज्ञाने पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. नावातच दोन्ही लक्षणं आहेत, खाज आणि मागे राहणारा रंग. बराच काळ हा जपानी लोकांचाच आजार समजला जायचा, पुढे जगभरात रुग्ण सापडले. तरुण स्त्रियांत तो जास्त दिसतो. कीटो डाएटची लाट आल्यावर त्याला बोलीत 'कीटो रॅश' म्हणू लागले. पण डाएट न करणाऱ्यांनाही तो होतो: लांबलेले कडक उपवास, आटोक्यात नसलेला मधुमेह, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, गरोदरपणातल्या उलट्यांनी पोटात अन्न न ठरणं. या सगळ्यांत एक धागा आहे. शरीराला साखर वापरायला मिळत नाही, मग यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्यं तयार करतं आणि शरीर त्यांवर चालतं. तोंडाला येणारा नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा वास हा त्यांतल्याच ॲसिटोनचा. काही जणांच्या त्वचेत हे कीटोन बारीक रक्तवाहिन्यांभोवती दाह सुरू करतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि पुटकुळ्या उठतात, असं डॉक्टर मानतात. कीटो करणाऱ्या बहुतेकांना हे होत नाही. मला झालं.

उपचार दोन सांगितले. एक, भाकरी. हो, चिठ्ठीवर त्यांनी तेच लिहिलं होतं: दुपारी एक भाकरी, वरण, एक फळ. दुसरं, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. हे प्रतिजैविक आहे, पण इथे ते जंतू मारायला देत नाहीत. पांढऱ्या पेशींचा दाह शांत करायचा गुण त्यात आहे म्हणून देतात. याच कुळातलं मिनोसायक्लिनही वापरतात. माझी ट्यूब त्यांनी टेबलावर ठेवून घेतली आणि बंद करायला सांगितली. स्टिरॉइडच्या मलमांचा आणि खाजेच्या गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही.

पाचव्या दिवशी नवी पुटकुळी उठायची थांबली. दहाव्या दिवशी खाज गेली. जाळी राहिली.

आता ज्यांच्यासाठी हे लिहितेय त्यांच्याशी बोलते.

तुम्ही कीटो किंवा कोणतंही पिष्टमय पदार्थ तोडणारं डाएट करत असाल आणि पहिल्या काही आठवड्यांत पाठ, मान, छाती किंवा पोटावर, दोन्ही बाजूंना सारख्या, जागा न सोडणाऱ्या खाजऱ्या पुटकुळ्या आल्या, तर हा आजार मनात येऊ द्या. नाव पक्कं डॉक्टरनेच करायचं. कधी त्यासाठी त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. माझ्या बाबतीत गरज पडली नाही, पण सांगितलं तर घाबरू नका. जागा बधिर करून करतात, एखादा टाका पडतो.

सगळी खाज कीटोची नसते हेही तितकंच खरं. डाएटमध्ये आपण काही गोष्टी अचानक भरपूर खायला लागतो: बदाम, अक्रोड, अंडी, चीज, प्रोटीनची पावडर. खाल्ल्यावर मिनिटांत किंवा दोन-चार तासांत गांधी उठत असतील तर ती त्या पदार्थाची ॲलर्जी असू शकते. जांघेत, कमरेला गोल चट्टा, कडा उठलेली, मध्ये साफ, तर तो नायटा, आणि मुंबईच्या हवेत तो पुष्कळ दिसतो. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत फोड, घरातली इतर माणसंही खाजवताहेत, तर खरूज. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. खरजेला भाकरी चालत नाही आणि माझ्या आजाराला नायट्याचं मलम चाललं नाही. ओठ, डोळे किंवा जीभ सुजली, श्वास लागला, ताप येऊन अंगावर पाण्याचे फोड आले, तोंडात सालं निघाली, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

डॉक्टरकडे जायच्या आधी एक काम करा, त्याला दहा मिनिटं लागतात. कागदावर तीन तारखा लिहा. डाएट कधी सुरू केलं, पुरळ कधी उठलं, मध्ये डाएट कधी मोडलं. तिसरी तारीख सगळ्यांत महत्त्वाची. सणवार, लग्नं, उपवास आठवा, त्या दिवसांत खाज कशी होती ते आठवा. आपल्याकडे सण इतके आहेत की कोणतंही डाएट महिनाभर अखंड चालत नाही, आणि तपासाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. दर दोन-तीन दिवसांनी त्याच जागेचा, दिवसाच्या उजेडात फोटो काढून घ्या. वेळ मिळून डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत ताजं पुरळ कधी कधी बसलेलं असतं. आणि सगळं सांगा. पावडर, गोळ्या, जिममध्ये दिलेले डबे, कोणाच्या सांगण्यावरून घेतलेले काढे. डाएट लपवणारी माणसं मी पाहिली आहेत, घरचे रागावतील म्हणून नवऱ्यासमोर डॉक्टरला सांगत नाहीत. तसं असेल तर डॉक्टरला एकटं भेटायची वेळ मागा.

ट्यूबबद्दल मी जरा कळकळीने लिहिते. स्टिरॉइड वाईट औषध नाही, योग्य रोगात, योग्य ताकदीचं, ठरलेले दिवस लावलं तर ते मोठं काम करतं. पण नायट्यावर ते लावलं की वरची लाली झाकली जाते आणि खाली बुरशी पसरत राहते. चट्ट्याचं रूपच बदलतं, मग डॉक्टरलाही ते ओळखायला कठीण जातं. पातळ त्वचेवर फार दिवस लावलं तर त्वचा विरते, फाटल्यासारखे कायमचे चरे पडतात, बारीक शिरा दिसू लागतात. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलताहेत. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायच्या यादीतून काढली. तरी ती काउंटरवर मिळतात, हे मी स्वतः घेऊन पाहिलं आहे. ट्यूब घेताना क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं त्यावर आहेत का बघा. असतील आणि तुमच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी नसेल, तर ट्यूब परत द्या. बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम थांबवू नका, कशी बंद करायची ते डॉक्टरला विचारा.

गोळ्यांचंही तसंच. माझ्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या तुमच्या कामाच्या नाहीत. गरोदर बाईला ती देत नाहीत, लहान मुलांनाही टाळतात, कारण वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. मला दिली तेव्हा बाईंनी आधी पाळीची तारीख विचारली. ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, बसून किंवा उभं राहून, आणि अर्धा-एक तास आडवं व्हायचं नाही. मी एकदा झोपताना दोन घोट पाण्याबरोबर घेतली आणि गोळी अन्ननलिकेत अडकून दोन दिवस छातीत असं जळत होतं की लाळ गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळीबरोबर ती घेऊ नये, अंगी लागत नाही. उन्हाने त्वचा चटकन भाजते, छत्री लागते.

आता खाण्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त भीती तिथेच असते. भाकरी खाल्ली की गेलेलं सगळं वजन परत येणार, असं मलाही वाटलं होतं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम आकाराच्या एका भाकरीला साधारण पन्नास ग्रॅम पीठ धरा, म्हणजे पस्तीसेक ग्रॅम. कीटो डाएटची मर्यादा दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅमची, तेव्हा एक भाकरी, वाटीभर वरण आणि एक पेरू एवढ्याने शरीर कीटोनवर चालणं सोडतं. त्यासाठी जिलबी खायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात माझं वजन दीड किलो वाढलं. ते पाणी होतं, साखरेच्या साठ्याबरोबर परत आलेलं. त्या आठवड्यात काटा बघूच नका, किंवा बघितलात तर हे आठवा. पुढच्या सहा महिन्यांत मी आहारतज्ज्ञाकडे जाऊन, रोज दोन भाकऱ्या खाऊन, साडेसहा किलो कमी केले. वेग कमी होता, पण रात्री झोप लागत होती.

काही जण विचारतील, पुरळ बसल्यावर पुन्हा कीटो करता येईल का. काही रुग्णांत औषधाने पुरळ शांत होऊन डाएट चालू राहिल्याचं डॉक्टर बाईंनी सांगितलं, पण ते त्यांच्या देखरेखीखाली. शरीर पुन्हा कीटोनवर चालू लागलं की पुरळ उलटायची शक्यता असते. मी पुन्हा करणार नाही, मला मुलीबरोबर जेवायचं आहे.

एका बाबतीत मात्र मनाने डाएट सोडायचं नाही. हा आहार मुळात वजनासाठी जन्मलेला नाही. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला, आणि औषधांनी झटके न थांबणाऱ्या मुलांना तो आजही दिला जातो. तुमच्या मुलाला मेंदूच्या डॉक्टरने हा आहार दिला असेल आणि अंगावर पुरळ आलं, तर भात भरवायच्या आधी त्यांना फोन करा. अचानक बंद केल्याने झटके वाढू शकतात.

आणि मधुमेहींनी हे डाएट डॉक्टरला न विचारता सुरूच करू नये. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं अशा गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, आज आपल्याकडे घरोघरी आहेत. त्या चालू असताना पिष्टमय पदार्थ तोडले तर रक्तात कीटोन इतके वाढू शकतात की रक्त आम्लधर्मी होतं, आणि हे साखर फारशी वाढलेली नसतानाही होतं. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, गुंगी, यांतलं काही दिसलं तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, रुग्णालयात जा आणि गोळीचं नाव सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर खाणं तोडल्यावर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही हा नाद करू नये, दूध पाजणाऱ्या आईच्या रक्तातही अशी आम्लता झाल्याच्या नोंदी आहेत. त्यापुढे पुरळ ही फार किरकोळ गोष्ट आहे.

घरच्या घरी काय करायचं, तर थोडंच. कोमट पाण्याची अंघोळ, सुती सैल कपडे, घाम आला की कपडे बदलणं, नखं कापलेली. खाजवून कातडी सोलली तर डाग जास्त गडद होतो. आमसुलाचं पाणी लावायचं तर लावा, गार वाटतं, पण त्याने रोग जाईल या आशेवर तीन आठवडे घालवू नका. डाग घालवायला लिंबू, बेकिंग सोडा, गोरं करणारी मलमं यांच्या वाटेला जाऊ नका. गोरं करणाऱ्या मलमांतही पुष्कळदा स्टिरॉइड आणि कधी पारा निघतो. डाग आपोआप फिके होतात, त्याला महिने लागतात.

काही महिन्यांपूर्वी ऑफिसमधली पंचविशीतली एक मुलगी लेडीज रूममध्ये मानेवरचा स्कार्फ सारखा करत होती. मानेच्या मागे तेच लाल ठिपके, त्यांतच दोन-तीन तपकिरी. मी विचारलं, "डाएट करतेस का गं?" ती दचकली. लग्न ठरलं होतं, दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचे होते, घरी कोणाला सांगितलं नव्हतं. पर्समध्ये एक ट्यूब होती. आम्ही दोघींनी खिडकीशी उभं राहून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. त्या संध्याकाळी मी तिला स्टेशनवरून थेट डॉक्टर बाईंकडे नेलं.

तिचं लग्न झालं, मान स्वच्छ आहे. माझ्या पाठीवर जाळीच्या दोन-चार रेषा अजून आहेत. डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत जातील.